जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग तेल गाळतंय? आधी जागा शोधा, मग पाना लावा

गाडी रात्रभर उभी होती आणि सकाळी पुढच्या चाकाजवळ लालसर डाग दिसला. गॅरेजवाल्याने बोनेट उघडून स्टिअरिंग तेलाच्या डबीत डोकावून सांगितलं, "रॅक गेलाय, पूर्ण बदलावा लागेल." दुसऱ्याकडे नेली तर तो म्हणाला, "एवढं काही नाही, अधूनमधून ऑइल टाकत राहा." तिसऱ्याने सीलकिट सुचवलं. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या स्कॉर्पिओ, क्वालिस, इनोव्हा, इंडिका, अ‍ॅक्सेंट अशा गाड्यांचे मालक हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: तिघांतलं कुणाचं ऐकायचं?

गाडीखाली शिरून गळतीची जागा ज्याने डोळ्यांनी पाहिली, त्याचं ऐका. कुणीच पाहिली नसेल तर तिघांचंही तूर्त बाजूला ठेवा. हे तेल सहा-सात वेगवेगळ्या ठिकाणांहून गळू शकतं. त्यातल्या काही ठिकाणांचं काम शंभर रुपयांच्या आतल्या क्लिपने होतं, तर काहींसाठी खरोखरच रॅक उतरवावा लागतो. तेल मात्र कुठूनही सुटलं तरी ओघळत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या भागावर, म्हणजे बहुधा रॅकवरच, जमतं. म्हणून निर्दोष रॅकवर ठपका बसतो, नवा रॅक लागतो आणि पंधरा दिवसांनी डाग पुन्हा दिसतो.

तुमच्या गाडीत हे तेल आहे का?

पॉवर स्टिअरिंग असलेल्या प्रत्येक गाडीत तेल नसतं. अल्टो, वॅगन-आर, स्विफ्ट यांसारख्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर मदत करते. तिथे डबी, पंप, पाईप यांतलं काहीच नसतं. अशा गाडीखाली डाग दिसला तर तो दुसऱ्या कशाचा तरी आहे.

बोनेट उघडून स्टिअरिंगचं चित्र असलेलं डबीचं झाकण शोधा. ते सापडलं तर तुमची गाडी हायड्रॉलिक. यात इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप डबीतलं तेल ओढतो आणि जाड पाईपातून मोठ्या दाबाने रॅककडे किंवा स्टिअरिंग बॉक्सकडे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या भागाकडे, ढकलतो. काम झालेलं तेल दुसऱ्या, कमी दाबाच्या पाईपाने डबीत परत येतं. हा परतीचा पाईप आणि तो दाबाचा पाईप यांतला फरक ध्यानात ठेवा, पुढे तो लागणार आहे. काही युरोपीय गाड्यांत पंप बेल्टऐवजी स्वतंत्र इलेक्ट्रिक मोटरवर चालतो, बाकी मामला हाच.

डाग कशाचा आहे?

रात्री इंजिनखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. पुढच्या चाकांच्या जागी पेनाने खुणा करा, म्हणजे सकाळी थेंब कुठे पडले ते कळेल. मग डाग तपासा:

- लाल किंवा लालसर तपकिरी, बोटांना तेलकट: बहुतेक पॉवर स्टिअरिंगचं. मॅन्युअल गिअरच्या गाडीत लाल तेल सहसा दुसरीकडे कुठे नसतं. ऑटोमॅटिक गाडीत मात्र गिअरबॉक्सचं तेलही लालच असतं.
- गुलाबी, लाल किंवा हिरवं, पण बोटांना पाण्यासारखं निसटतं: कूलंट. खात्री करायची असेल तर थेंब पेल्यातल्या पाण्यात सोडा. कूलंट विरघळतं, तेल वर तरंगतं.
- काळं-तपकिरी: इंजिन ऑइल. पण फार जुनं झालेलं स्टिअरिंगचं तेलही काळपट दिसतं, म्हणून डबीतल्या तेलाशी रंग ताडून पाहा.
- फिकट पिवळसर, चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलजवळ: ब्रेक ऑइल असण्याची शक्यता आहे. अशी गाडी चालवू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.
- स्वच्छ पाणी: एसीचं आहे, निर्धास्त राहा.

काही युरोपीय गाड्यांत स्टिअरिंगचं तेल हिरवं असतं, तेव्हा निव्वळ रंगावर जाऊ नका.

गाडी चालवायची की उभी ठेवायची?

डबीवर किमान आणि कमाल पातळीच्या खुणा असतात. काही गाड्यांत त्या काडीवर असतात, थंड इंजिनसाठी एक आणि गरम इंजिनसाठी दुसरी. पातळी आज पेनाने टिपून ठेवा आणि चार दिवसांनी पुन्हा पाहा.

पातळी जेमतेम हलली असेल, पाईपाचा सांधा नुसता ओलसर असेल, तर पाझर आहे. गाडी वापरा, पण दर आठवड्याला बोनेट उघडा. दर आठवड्याला तेल घालावं लागत असेल तर दुरुस्ती लांबवू नका. आणि एका रात्रीत डबी रिकामी झाली किंवा इंजिन चालू असताना तेलाची चिळकांडी उडाली, तर गाडी जागची हलवू नका. ते तेल पेटतं. दाबाचा पाईप अनेक गाड्यांत सायलेन्सरच्या तापलेल्या नळीजवळून जातो. त्यावर तेलाचा फवारा बसला तर आगीचा धोका खरा असतो.

"थोडं ऑइल टाकत राहा" हा सल्ला मला पटत नाही. पंपाला वंगण मिळतं ते याच तेलातून. तेल संपलं की पंप कोरडा घासतो, त्याचा धातूचा चुरा पूर्ण यंत्रणेत फिरतो आणि चांगला रॅकही खराब करतो. शिवाय गळणारं तेल बेल्टवर पडलं तर बेल्ट घसरतो, सस्पेन्शनच्या रबरी बुशांवर पडलं तर बुश फुगून मऊ पडतात. एका सांध्याचा खर्च टाळताना तीन नवे खर्च उभे राहतात.

वाटेतच तेल संपलं तर? स्टिअरिंग अतिशय जड होतं, पण चाकांशी त्याचा जोड तुटत नाही, गाडी वळते. घाबरून झटके देऊ नका. दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेग उतरवा आणि मोकळी जागा पाहून थांबा. आंबोली, आंबेनळी किंवा वरंधा अशा घाटात असाल तर पुढच्या वळणांवर ताकद पुरेल या भरवशावर उतरत राहू नका. टोइंगची गाडी मागवलेली बरी.

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. काही जुन्या गाड्यांत स्टिअरिंग पंपाला स्वतंत्र बेल्ट असतो. जाणकार मेकॅनिक तो काढून टाकू शकतो, मग पंप फिरतच नाही आणि जड स्टिअरिंगने का होईना, गाडी हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. पण जिथे एकच लांब बेल्ट पंपासोबत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही फिरवतो, तिथे तो काढला की इंजिन तापेल. तुमच्या गाडीत यांतली कोणती रचना आहे ते गाडी धड असतानाच पाहून ठेवा.

गळतीची जागा शोधायची रीत

या कामाला घाई चालत नाही. तेलाने माखलेल्या इंजिनवर काही कळत नाही, म्हणून आधी धुणं. इंजिन थंड असताना डिग्रीझर मारा, ब्रशने घासा, पाण्याने हलकेच धुवा. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडण्या प्लॅस्टिकने झाका. मग पूर्ण वाळू द्या आणि डबीत कमाल खुणेपर्यंत तेल भरा.

आता पांढऱ्या टिश्यूपेपरच्या पट्ट्या एकेका सांध्याभोवती गुंडाळा: डबीचा तळ, परतीच्या पाईपाची दोन्ही टोकं, दाबाच्या पाईपाची दोन्ही टोकं. बेल्ट, पुली किंवा पंखा यांच्या आसपास मात्र काहीही बांधू नका, तिथे नुसता उजेड टाकून पाहायचं. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, इंजिन चालू करा. दुसऱ्या माणसाला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा. टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, दोन-तीन सेकंद पुरे, कारण तिथे दाब सर्वाधिक चढतो. इंजिन बंद करा आणि पट्ट्या सोडा. जी पट्टी आधी लाल झाली, तो सांधा गुन्हेगार. एकही लाल नसेल तर खाली जायची वेळ आली.

चालू इंजिनमध्ये गळती हाताने चाचपू नका. बारीक छिद्रातून मोठ्या दाबाने सुटलेली तेलाची धार कातडीत घुसू शकते. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, आत मात्र गंभीर इजा असते आणि लगेच इस्पितळ गाठावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा, त्यावर ओली रेघ उमटली की जागा कळली.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. सपाट, पक्की जमीन आणि मजबूत लोखंडी घोड्या हव्यातच. त्या नसतील तर हा भाग गॅरेजच्या लिफ्टवर करून घ्या, पण स्वतः उभं राहून पाहा. खाली गेल्यावर हे तपासा:

1. रॅकचे बूट. रॅकच्या दोन्ही टोकांना घड्यांचे काळे रबरी बूट असतात. चाकाकडची छोटी क्लिप सोडून बूट थोडा मागे सारा. आतून तेल ओघळलं तर रॅकचं आतलं सील गेलंय. बूट आतून कोरडा आणि वर नुसता तेलकट असेल तर तेल वरून आलंय. या एकाच तपासणीने कितीतरी रॅक विनाकारण बदलले जाण्यापासून वाचतात.
2. दोन्ही बुटांत तेल. बऱ्याच रॅकमध्ये दोन्ही बुटांना जोडणारी हवेची नळी असते. तिच्यातून एका बाजूचं तेल दुसरीकडे जातं. तेव्हा दोन्हीकडे तेल म्हणजे दोन्ही सील गेलेच, असं नाही.
3. स्टिअरिंगची दांडी रॅकमध्ये शिरते ती जागा. इथे पिनियनचं सील असतं. गाडीच्या आत, पायाखालच्या मॅटजवळ तेलकट ओल दिसली तर ते इथूनच आलंय का, पाहा.
4. स्टिअरिंग बॉक्स. जुन्या सुमो, 407 अशा धाटणीच्या गाड्यांत रॅकऐवजी बॉक्स असतो. त्याच्या खालून निघणाऱ्या जाड शाफ्टला ड्रॉप आर्म बसवलेला असतो, त्याच्या बरोबर वरचं सील सर्वात आधी गळतं.
5. पंपाचा पुढचा भाग. पुलीच्या मागे ओल आणि बेल्टवर, बोनेटच्या आतल्या बाजूला तेलाचे शिंतोडे असतील, तर पंपाचं शाफ्टसील.

कुठे गळतंय त्यावर काय करायचं ते ठरतं

*डबी आणि परतीचा पाईप.* इथून सुरुवात करा, कारण जुन्या गाडीत रबर कडक होऊन क्लिप सैल पडणं फार नेहमीचं आहे. क्लिप आवळून पाहा. गळती थांबली तर ठीक, पण टोकाला चिरा असतील तर पाईपच बदला. नवा पाईप तेलासाठी बनवलेलाच घ्या. रेडिएटरच्या पाण्याचा पाईप कापून बसवण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. ते रबर तेलाने फुगतं आणि काही महिन्यांत सुटतं. डबीला बारीक तडा असेल तर चिकटपट्टी, एम-सीलच्या नादी लागू नका, डबी बदला. डबीच्या तळाला बहुधा बारीक जाळी असते. ती गाळाने भरली की पंपाला तेल पुरत नाही.

*दाबाचा पाईप.* याच्यात सत्तर-ऐंशी बार किंवा त्याहूनही जास्त दाब असतो. टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, यावरून अंदाज यावा. गळती बहुधा रबर आणि लोखंडी नळी जिथे दाबून जोडलेली असते, तिथे होते. त्यावर क्लिप आवळणं, रबर गुंडाळणं, वेल्डिंगचा ठिपका देणं हे सगळं धोक्याचं आहे. तुमच्यापुढे खरे पर्याय दोनच:

- कंपनीचा किंवा त्या दर्जाचा नवा पाईप घ्या. मिळत असेल तर हाच उत्तम.
- मॉडेल बंद झालं आणि पाईप मिळत नाही, तर हायड्रॉलिक होजच्या दुकानात क्रिम्पिंग करून घ्या. जेसीबी, ट्रॅक्टर यांचे पाईप बनवणारी ही दुकानं एमआयडीसीच्या परिसरात असतात. जुनी दोन्ही टोकं शाबूत ठेवून मधलं होज नवीन बसवतात. होजवर छापलेला दाबाचा आकडा स्वतः वाचा, पाईपाची लांबी आणि टोकांची दिशा जुन्या पाईपाशी जुळवा आणि दाब देऊन चाचणी घ्यायला सांगा. टोक थोडं जरी तिरकं बसलं तरी पाईप सायलेन्सरला किंवा बॉडीला घासतो.

जोडताना तांब्याचे वॉशर किंवा ओ-रिंग नवीनच टाका. कोकण किनारपट्टीवरच्या गाड्यांत खारी हवा लोखंडी नळ्यांनाच खाते, म्हणून रबराबरोबर नळीही हाताने पुसून गंज आहे का ते पाहा.

*पंप.* पुली पकडून शाफ्ट वर-खाली हलवा. खेळ जाणवत नसेल तर शाफ्टसील बदलून काम भागतं. खेळ असेल तर आतला बुश किंवा बेअरिंग झिजलंय, नवं सील टिकणार नाही. पंपाने आवाज करत चुरा सोडला असेल, तर नवा पंप बसवण्याआधी डबी, पाईप आणि रॅक धुऊन काढायलाच हवा. हे न केल्यामुळे नवे पंप पुन्हा जातात आणि दोष पार्टवर ढकलला जातो.

*स्टिअरिंग बॉक्स.* खालचं सील बहुतेक वेळा बॉक्स न उतरवता बदलता येतं. त्यासाठी ड्रॉप आर्म काढावा लागतो. तो काढण्याआधी शाफ्ट आणि आर्मवर जुळती खूण करून घ्या, आर्म पुलरनेच ओढा. हातोडीचे घाव घालणाऱ्याला तिथेच थांबवा, आतल्या बेअरिंगला मार बसतो. बसवताना नट ठरलेल्या टॉर्कने आवळला गेला पाहिजे. याच नटावर तुमचं स्टिअरिंग टिकून आहे.

*रॅक.* सर्वाधिक पैसे आणि सर्वाधिक गोंधळ इथेच. रॅकची दांडी आरशासारखी गुळगुळीत असते आणि सील तिच्यावरून सरकतं. बूट फाटला की पावसाळ्यात चिखलपाणी आत जातं, दांडीवर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि प्रत्येक वळणाला ते खड्डे सीलची धार कापतात. म्हणजे सील हे अनेकदा दुसरं दुखणं असतं, पहिलं दुखणं फाटलेला बूट.

म्हणून रॅक उघडल्यावर तुम्ही स्वतः जा. दांडी कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि अंगठ्याचं नख तिच्यावरून लांबीच्या दिशेने, संपूर्ण लांबीभर हळू ओढा. नख कुठेही अडकलं नाही तर सीलकिट टाका, ते चालेल. नख अडकलं, खरखरलं, तर सीलकिटचे पैसे पाण्यात. तेव्हा पर्याय हे:

- नवा रॅक: मिळत असेल आणि गाडी अजून काही वर्षं ठेवणार असाल तर.
- रिकंडिशन रॅक: दांडी बदललेली किंवा नीट पॉलिश केलेली आहे ना, दाब देऊन तपासला का, हे विचारा. गॅरंटी किती महिने ते बिलावर लिहून घ्या.
- जुन्या बाजारातला रॅक: पार्ट नंबर जुळला पाहिजे, एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या प्रकारांत रॅक वेगळे असतात. पिनियन हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, कुठेही अडखळता कामा नये. बूट उघडून दांडी पाहा. अपघातातल्या गाडीचा रॅक घेऊ नका, दांडी वाकलेली असू शकते.

रॅक उतरवताना स्टिअरिंग व्हील सरळ करून बांधून ठेवायला सांगा, विशेषतः एअरबॅग असलेल्या गाडीत. ते मोकळं गरगर फिरलं तर एअरबॅगची वायर गुंडाळलेली पट्टी तुटते. रॅक बसल्यावर व्हील अलाइनमेंट न करता गाडी बाहेर काढू नका, नाहीतर नवे टायर एका बाजूने झिजतील.

गळती थांबवणारी बाटली चालते का?

दुकानात 'स्टॉप लीक' नावाने मिळणारी द्रव्यं रबरी सील थोडं फुगवतात. सील वयाने कडक झालंय आणि नुसता पाझर आहे, एवढ्यापुरता त्यांचा काही काळ उपयोग होऊ शकतो. दाबाच्या पाईपाला, तडा गेलेल्या डबीला किंवा गंजलेल्या दांडीला त्यांचा काडीचा उपयोग नाही. गाडी लवकरच विकायची म्हणून कुणी ही बाटली सुचवत असेल तर कृपया तसं करू नका. पुढचा मालक ती गाडी घेऊन घाटात जाणार आहे.

कोणतं तेल घालायचं?

डबीचं झाकण आणि गाडीचं मॅन्युअल, एवढ्याच दोन ठिकाणी याचं उत्तर आहे. अनेक जुन्या गाड्यांना डेक्सरॉन प्रकारचं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं. होंडाच्या गाड्यांना होंडाचंच तेल लागतं. काही युरोपीय गाड्यांचं हिरवं तेल वेगळ्या जातीचं असतं, त्यात लाल मिसळायचं नाही. डबीत आधी कुणी काय भरलंय ते ठाऊक नसेल तर दुरुस्तीच्या वेळी सगळं काढून नवीन भरा.

ब्रेक ऑइल कधीही घालू नका. ते या यंत्रणेतली सीलं फुगवून नासवतं आणि मग एका गळतीच्या पाच होतात. चुकून पडलं असेल तर इंजिन सुरूच करू नका. डबी रिकामी करून धुऊन घ्या.

एअर काढल्याशिवाय काम पूर्ण होत नाही

दुरुस्तीनंतर "पंप घूं-घूं करतोय, नवा पंप लागेल" असं सांगितलं जातं. पुष्कळदा आत अडकलेली हवाच तो आवाज करत असते. क्रम असा:

1. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी घोड्यांवर ठेवा. इंजिन बंद.
2. डबी भरा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवा. पातळी उतरेल तसं तेल घालत राहा, डबी रिकामी होऊ देऊ नका.
3. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून हळू चालू द्या, पुन्हा काही वेळा फिरवा, टोकाला धरून ठेवू नका.
4. तेल दुधाळ किंवा फेसाळ दिसलं तर इंजिन बंद करून अर्धा-एक तास थांबा आणि पुन्हा तेच करा.
5. चाकं खाली उतरवा, एक फेरी मारा, पातळी आणि सांधे पुन्हा पाहा.

टोकाला वळवताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर तो बेल्टचा असू शकतो. बेल्टला तेल लागलं असेल तर पुसून भागत नाही, बेल्ट बदलावा.

गॅरेजमध्ये जाताना: तुमचे हक्क

काम सुरू होण्याआधी लेखी अंदाजपत्रक मागा आणि "ठरलेल्याबाहेरचं काम विचारल्याशिवाय करू नये" असं त्यावरच लिहून घ्या. हे महत्त्वाचं अशासाठी की 1872 च्या करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे, दुरुस्तीचं ठरलेलं काम केल्यावर पैसे मिळेपर्यंत गाडी ताब्यात ठेवण्याचा अधिकार गॅरेजला असतो. आधी काहीच लिहिलेलं नसेल तर वाद तुमच्या अंगावर येतो.

- बिल घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विकलेल्या वस्तूचं किंवा दिलेल्या सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात पार्ट नंबर, नवा की रिकंडिशन आणि गॅरंटी हे तिन्ही हवं.
- सदोष पार्ट परत करता येतो. बिलावर मुदत असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा याच कायद्याखाली अनुचित प्रथा ठरते. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी या तरतुदीला थोपवू शकत नाही.
- छापील किमतीपेक्षा जास्त देऊ नका. पार्टचं खोकं मागून किंमत स्वतः वाचा.
- काढलेला जुना पार्ट मागा. रॅक बदलण्याच्या व्यवहारात जुना रॅक परत द्यायचा ठरला असेल तर निदान त्याची दांडी आणि बूट मोबाइलवर टिपून ठेवा.

दुरुस्तीनंतर गळती पुन्हा झाली तर आधी त्याच गॅरेजला लेखी कळवा, मोबाइलवरचा तारखेसह संदेशही उपयोगी पडतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते. स्वतः टॅक्सी किंवा टेम्पो चालवून पोट भरणाऱ्यानेही विकत घेतलेल्या सदोष पार्टबद्दल तक्रार करावी. केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर कायदा व्यापारी हेतूचा मानत नाही.

विमा कंपनी झिजेमुळे झालेल्या गळतीचे पैसे देत नाही. दगड लागून किंवा अपघातात पाईप वा रॅक फुटला असेल तर मात्र सर्वसमावेशक विम्याखाली दावा करता येतो. त्यासाठी गाडी हलवण्याआधी फोटो काढा आणि सर्व्हेअर पाहीपर्यंत काही उघडू देऊ नका.

दोन वेळापत्रकं

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि फॉर्म 25 भरून, तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. तपासणीत स्टिअरिंगही पाहिलं जातं. मुदत वर्षभरात संपत असेल तर रॅकचं काम आधीच उरका, म्हणजे महिनाभर वापरून खात्री करता येते.

दुसरं वेळापत्रक पावसाळ्याचं. मे महिन्यात दोन्ही बूट एकदा हाताने दाबून घड्या उघडून पाहा. चीर दिसली तर पाऊस सुरू व्हायच्या आत बदला. बूट बदलायला टायरॉडचं टोक काढावं लागतं, म्हणून किती आटे बाहेर आहेत ते मोजून किंवा रंगाने खूण करून ठेवायला सांगा. तरी नंतर अलाइनमेंट तपासून घ्याच.

आणि दुरुस्तीत काढलेलं तेल गटारात किंवा मोकळ्या जमिनीवर ओतू नका. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे. झाकणाच्या डब्यात भरा आणि जुनं ऑइल साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना देणाऱ्या गॅरेजमध्ये जमा करा.